आधी कमी करायला शीक

व्यायाम वाढवायला सगळेच सांगतात. तू आधी तो कमी करायला शीक.

घरच्या घरी सुरू केलेला व्यायाम बहुतेकदा दोन कारणांनी सुटतो. पहिल्या उत्साहात माणूस इतकं करून बसतो की आठवड्याभरात गुडघा नाहीतर खांदा धरतो. किंवा ठरवलेला पाऊण तास एखाद्या दिवशी मिळत नाही, म्हणून त्या दिवशी काहीच होत नाही; दुसऱ्या दिवशी अपराधी वाटतं आणि तिसऱ्या दिवशी चटई पलंगाखाली जाते. शाळेत पी.टी. शिकवताना मुलींचं हे पाहिलं, आता सोसायटीतल्या बायकांचंही तेच पाहते आहे. व्यायामाचा आकडा एकदा ठरला की तो रोज तोच, असं सगळ्या धरून चालतात. तुझे दिवस तर एकसारखे नसतात, बाळ. महिनाअखेरीची ऑफिसची गडबड, मुलाच्या परीक्षा, घरातल्या वयस्कर ताईचं बीपी, पाहुणे, सणवार. मग व्यायाम तरी रोज एकाच मापाचा कसा राहील?

म्हणून हे एवढं पक्कं लक्षात ठेव. वेळ नसेल त्या दिवशी व्यायामाची लांबी काप, पण तो हलका करू नकोस. अंगात त्राण नसेल त्या दिवशी व्यायाम हलका कर, पण त्याची वेळ मोडू नकोस.

नीट सांगते. तुझा नेहमीचा अर्धा तास धर: पाच मिनिटं अंग मोकळं करणं, ओट्याला हात टेकून जोरांच्या तीन फेऱ्या, बैठकांच्या तीन फेऱ्या, बारा सूर्यनमस्कार आणि शेवटी शवासन. एखाद्या सकाळी हातात बाराच मिनिटं आहेत. तेव्हा अंग मोकळं कर, जोरांची एक फेरी आणि बैठकांची एक फेरी काढ, पण रोज ओट्यावर काढतेस तर त्या दिवशीही ओट्यावरच. कारण कमावलेली ताकद टिकवायला कमावताना लागला त्याहून बराच कमी व्यायाम पुरतो. अट एवढीच की स्नायूला नेहमीइतकं वजन पेलायला लागलं पाहिजे. तीन फेऱ्यांची एक केलीस तर बरेच आठवडे काही बिघडत नाही. तीन फेऱ्या ठेवून भिंतीवरचे सोपे जोर काढत राहिलीस तर ताकद हळूहळू ओसरते.

आता दुसरा दिवस घे. रात्रभर मुलाच्या उशाशी जागी आहेस, डोळे चुरचुरताहेत. त्या दिवशी ओटा नको, भिंत बरी. बैठका खुर्चीपर्यंतच. नमस्कार चार, तेही संथ, प्रत्येक अवस्थेत एकेक श्वास थांबून. उरलेला वेळ हॉलमध्ये नुसती चाल. पण तो अर्धा तास तुझाच ठेव. घरात पहाटेची ही जागा मिळवायला बाईला किती दिवस लागतात ते मला माहीत आहे. ती दोन दिवस रिकामी दिसली की तिथे डबा, वॉशिंग मशीन, कुणाची तरी इस्त्री शिरते, आणि मग ती परत मिळत नाही.

या नियमाला ताप हा अपवाद. अंगात ताप असेल, अंग ठणकत असेल, छातीत कफ भरलेला असेल तर व्यायाम नाही. भिंतीवरचाही नाही. नुसतं नाक गळत असेल तर चालेल, हलका कर.

हलकं म्हणजे किती आणि जड म्हणजे किती, याचं माप आपल्याकडे फार जुनं आहे. सुश्रुतसंहितेत आणि वाग्भटांच्या अष्टांगहृदयात व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगितलं आहे. अर्धी शक्ती झाली हे कसं कळायचं, तेही जुन्या वैद्यकग्रंथांत दिलंय: कपाळावर, नाकावर, काखेत, सांध्यांवर घाम येतो, तोंड कोरडं पडतं, नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावासा वाटतो. वाग्भट तर धडधाकट आणि तूपतेल खाणाऱ्या माणसालाही थंडीत आणि वसंतात एवढीच मर्यादा घालतात. बाकीच्या ऋतूंत त्याहूनही कमी. आजचे व्यायामतज्ज्ञ बोलण्याची कसोटी लावतात. व्यायाम चालू असताना गाणं म्हणता आलं तर तो हलका. बोलता येतं पण गाता येत नाही, तर मध्यम. दोन-चार शब्दांतच दम तुटतो, तर जोरकस. दोन्ही मापं श्वासावरच येऊन थांबतात.

आपल्याकडे नमस्कार घालताना सूर्याची बारा नावं मोठ्याने घ्यायची पद्धत आहे ना, ती सोडू नकोस. नाव एका श्वासात स्वच्छ उच्चारता येतंय तोवर गती बरोबर आहे. नाव मधेच तुटलं की पुढचा नमस्कार संथ घाल. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांमधून सूर्यनमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली, आणि आज जगभर हा व्यायाम पसरला आहे त्यामागे त्यांचा मोठा वाटा आहे. पण हल्ली एकशे आठ नमस्कारांचं जे फॅड आलंय ते मला पसंत नाही. वर्षभर रोज बारा घालणाऱ्याने रथसप्तमीला एकशे आठ घातले तर कौतुकच आहे. ज्याने वर्षभर काही केलं नाही त्याने त्या दिवशी तसं करणं म्हणजे मनगटं आणि कंबर दुखवून घेणं.

मनगटावरच्या घड्याळावर फार विसंबू नकोस. दोनशे वीसमधून वय वजा करून ते तुझ्या ठोक्यांची कमाल मर्यादा धरतं, आणि ती सरासरी आहे. एखाद्याची खरी मर्यादा दहा-बारा ठोके वर किंवा खाली सहज असते.

आता वाढवायचं कसं ते सांगते. इथे घाई करणाऱ्यांनाच दुखापती होतात, म्हणून जरा सविस्तर.

वाढवण्यासारख्या गोष्टी चार: संख्या, अवघडपणा, गती आणि दोन फेऱ्यांमधली विश्रांती कमी करणं. एका वेळी यांतली एकच हलव. या आठवड्यात जोर आठाचे दहा केलेस तर विश्रांती तेवढीच ठेव, हात टेकायची उंचीही तीच ठेव. वाढवायची वेळ आली का, हे शिलकीवरून ओळखायचं. प्रत्येक फेरी अशा ठिकाणी थांबव की अजून दोन जोर नीट निघाले असते. हे दोन शिल्लक ठेवणं नव्या माणसाला फार जड जातं, कारण थकून पडल्याशिवाय व्यायाम झाला असं वाटतच नाही. माझ्या वडिलांच्या तालमीत वस्ताद नव्या पोरांना पहिले काही दिवस नुसता मातीचा हौदा उकरायला लावायचे, कुस्तीला हात लावू द्यायचे नाहीत. पोरं कुरकुरायची. पण त्या उकरण्यातच त्यांच्या पाठी आणि खांदे तयार व्हायचे. स्नायू काही आठवड्यांत दणकट होतो, पण त्याला हाडाशी बांधणारे कंडरे फार सावकाश पक्के होतात. तुला जमतंय असं वाटतं तेव्हा खांद्याचा कंडरा अजून मागेच असतो. ती शिल्लक त्याच्यासाठी ठेवायची. लागोपाठ दोन वेळा शेवटच्या फेरीत दोनाऐवजी चार शिल्लक वाटले, तर पुढच्या वेळी वाढव.

जोरांच्या पायऱ्या अशा: आधी भिंत, मग स्वयंपाकघराचा ओटा, मग दिवाणाची कडा, मग जमीन. ओटा आधी कोरडा पूस, ग्रॅनाइटवर ओला हात सटकतो. डायनिंग टेबल नको, ते सरकतं. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत राहिलं पाहिजे. कंबर खाली लोंबायला लागली की फेरी संपली, मग आकडा काहीही असो. ओट्यावर बारा-बाराच्या तीन फेऱ्या सहज निघाल्या की दिवाणावर जा आणि तिथे सहापासून सुरू कर. आकडा कमी झाला म्हणून मन खट्टू करू नकोस, तो अवघडपणा वाढल्याचा हिशेब आहे. हनुमान जोर आणि सपाटे त्याच्याही पुढचे. सपाट्यात जोर आणि बैठक एकाला एक जोडून येतात, म्हणून दमही लागतो आणि ताकदही लागते. ते या वर्षी नकोत.

बैठकांचंही तसंच. खुर्चीला टेकून उठणं, मग खुर्चीला नुसता स्पर्श करून उठणं, मग खुर्चीशिवाय अर्ध्यापर्यंत, मग पूर्ण. अवघड करायचं असेल तर आकडा न वाढवता खाली जाताना चार मोज आणि वर एका मोजात ये. तुझ्या फ्लॅटमध्ये याचा फार उपयोग होईल. तिसऱ्या मजल्यावर पहाटे सहाला दोरीवरच्या उड्या मारल्या तर खालच्या आजोबांची झोप मोडते. संथ बैठकांनी पाय थरथरतात, आवाज मात्र होत नाही.

खाली जातानाच स्नायू लांब होत होत वजन पेलतो, आणि त्यानेच तो जास्त दुखतो. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे. व्यायामानंतर एक ते तीन दिवस असं अंग आंबलं तर घाबरू नकोस. हलकी चाल ठेव, तोच स्नायू पुन्हा जड कामाला लावू नकोस. पण सांध्यात टोचणारी कळ, एकाच बाजूचं दुखणं किंवा सूज आली तर तो व्यायाम थांबव आणि दाखवून घे. आणखी एक. सवय नसताना शंभर-दोनशे बैठका एका दमात काढल्या तर स्नायूंचे तंतू फुटून त्यातला पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मांड्या दगडासारख्या कडक, असह्य दुखणं आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर घरगुती लेप लावत बसायचं नाही, थेट इस्पितळ. पैजेवर किंवा शिक्षा म्हणून उठाबशा काढणाऱ्या तरण्याताठ्या मुलांना हे होतं. शाळेत उठाबशांची शिक्षा मी कधी दिली नाही त्याचं हेच कारण. तुझ्या मुलालाही हे सांगून ठेव.

त्याला डंबेल्स हव्या आहेत म्हणालीस. वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते, ही भीती खरी नाही. पण आधी स्वतःच्या अंगाचं वजन नीट पेलता येऊ दे, डंबेल्सचं नंतर बघू. त्याच्या वयाला रोज सरासरी एक तास हालचाल हवी, आणि ती खेळात झाली तर उत्तमच.

ऊन, पाऊस, थंडी यांचाही हिशेब धरायचा. ठाण्यात मे महिन्यात घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही, म्हणून त्याच व्यायामाला नाडी जास्त पळते. तेव्हा लांबी आणि जडपणा दोन्ही थोडे खाली घे, पंख्याखाली कर, आधी आणि नंतर पाणी पी. डिसेंबरात गावी आलीस की उलट, तिथे अंग तापायलाच वेळ लागतो. तवा नीट तापल्याशिवाय भाकरी टाकत नाहीस, तसंच हे. सुरुवातीची पाच मिनिटं कधीही कापायची नाहीत. वेळ कमी असेल तर मधलं काप.

नवरात्रात तुझे नऊ दिवस उपास असतात. पहिले दोन-तीन दिवस जड व्यायाम नको, आणि साबुदाण्यावर भरवसा ठेवू नकोस, दूध-दाणे-राजगिरा घे. शिवाय त्या दिवसांत संध्याकाळी दोन तास गरबा होतोच, तोही मोजायचा. दिवाळीच्या आधी माळे साफ करणं, पडदे काढणं, डबे घासणं हेही अंगाला कळतं. बायका ते मोजत नाहीत आणि वर व्यायामही पूर्ण करायला जातात. ज्या दिवशी माळा साफ केलास त्या दिवशी नुसतं अंग ताणणं पुरे. मात्र रोजच्या पोळ्या लाटण्याला व्यायाम समजू नकोस, शरीराला त्याची कधीच सवय झाली आहे. पाळीच्या दिवसांत शरीराला विचार. काहींना हालचालीने पोटदुखी कमी होते, काहींना पडून राहावंसं वाटतं, दोन्ही बरोबर.

जावईबापूंना माझा निरोप दे. आठवडाभर खुर्चीत आणि रविवारी येऊरला दोन तास पळत चढ, हे चाळिशीनंतर बरं नव्हे. डोंगराला नाही म्हणत नाही मी. पण मधल्या दोन दिवशी वीस-वीस मिनिटं जिने आणि बैठका झाल्या तर त्यांची टाच आणि गुडघे रविवारी वाचतील. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम आणि शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम असं सांगितलं. आधी एका वेळी निदान दहा मिनिटं सलग झाली तरच ती धरायची असं होतं, ती अट त्यांनी काढली. म्हणजे ऑफिसचे तीन मजले चढले तरी ते जमेत धरायचे. सलग तास मिळत नाही ही सबब उरली नाही. आणि जिना चढताना छातीत दाबल्यासारखं झालं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर पुढची पायरी नाही, डॉक्टर.

गेल्या वर्षी जावईबापूंना डेंग्यू झाला, उठल्यावर आठव्या दिवशी जुना व्यायाम धरला आणि महिनाभर थकवा गेला नाही. अंथरुणातून उठल्यावर शरीर कुठे गेलेलं असतं ते कळायला एक प्रयोग पुरेसा आहे. 1966 मध्ये अमेरिकेत डलासला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. प्राणवायू वापरायची त्यांची क्षमता पावपटीहून जास्त उतरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना पुन्हा तपासलं, तर तीस वर्षांच्या वयानेही त्यांचं तेवढं नुकसान केलं नव्हतं. आणि हळूहळू वाढवत नेलेल्या सहा महिन्यांच्या चालण्या-धावण्या-सायकलीने पन्नाशीत आलेल्या त्या पाचजणांनी वयाने उतरलेली क्षमता भरून काढली. म्हणून आजारातून उठलं की डॉक्टरांनी हो म्हटल्यावर निम्म्यापेक्षाही कमीवर सुरू करायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटतंय ते बघून मग पुढचं.

ताईचं वेगळं, आणि तिच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचंय. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, त्यामुळे तिला घड्याळाचा आकडा दाखवूच नकोस. तिला बोलत बोलत व्यायाम करू दे, तिला ते आवडेलही. श्वास कोंडून जोर लावायचा नाही, त्याने रक्तदाब एकदम चढतो. उठताना श्वास सोडायचा, एवढं तिला रोज आठवण करून दे. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाचपासून सुरू. ओट्याला एक हात लावून एका पायावर उभं राहणं, मग नुसती बोटं टेकून, मग ओट्याजवळच पण हात सोडून. पासष्टीनंतर तोल सांभाळायचा असा व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी हवा, कारण या वयात पडणं फार महागात जातं. आणि जमिनीवर बसणं तिला सोडू देऊ नकोस. देवपूजेला, भाजी निवडायला ती खाली बसते ना, ते चालू राहू दे. उठायला त्रास होतो म्हणून पाट काढून खुर्ची दिलीस तर उठण्याची ताकदच जाईल. हवं तर शेजारी भक्कम स्टूल ठेव, त्याला धरून उठेल. गुडघ्यात सूज असेल त्या दिवशी मात्र आग्रह नको.

एक वही कर. तारीख, काय केलं, किती शिल्लक वाटलं, झोप कशी झाली, एवढंच. तीन आठवडे वाढवत गेलीस की चौथ्या आठवड्यात फेऱ्या निम्म्या कर, बरं वाटत असलं तरी. शरीर वाढतं ते विश्रांतीत. पाळीचे दिवस त्याच आठवड्यात येत असतील तर सोयच झाली.

सोमवारपासून असं कर. सोमवार, बुधवार, शुक्रवार: ओट्यावर आठ-आठ जोरांच्या दोन फेऱ्या, खुर्चीला स्पर्श करून दहा-दहा बैठकांच्या दोन फेऱ्या, मधे दीड मिनिट विश्रांती. मंगळवार, गुरुवार: सहा नमस्कार आणि वीस मिनिटं खाली बागेत झपझप चाल, ताईला पहिल्या दोन फेऱ्यांना बरोबर घेऊन. शनिवारी तुला वाटेल ते. रविवारी काही नाही. दोन आठवड्यांनी वही समोर घेऊन मला फोन कर, मग दिवाणावर जायचं की नाही ते ठरवू.